डावीकडून जपून

आमच्या दवाखान्यात प्रत्येक टेम्पररी दोनदा बनते. एक पेशंटच्या तोंडात जाते, दुसरी डबीत. ही पद्धत आईची.

दातांच्या कामाशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दात पडला किंवा काढला की त्याच्या जागी ब्रिज बसवतात. त्यासाठी मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करावे लागतात, मग माप घेऊन लॅबला पाठवायचं. लॅबकडून कायमचा ब्रिज यायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस त्या बोडक्या दातांवर अ‍ॅक्रिलिकचा एक तात्पुरता ब्रिज बसवायचा. त्याला आम्ही नुसतं टेम्पररी म्हणतो. ती लवंगेच्या वासाच्या कच्च्या सिमेंटने बसवतात, म्हणजे नंतर हलकेच ठोकली की निघून येते. बहुतेक दवाखान्यांत ती दहा मिनिटांत उरकतात. दहा दिवसांचा तर प्रश्न असतो.

आई डॉक्टर नव्हती. लग्नानंतर ती बाबांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटची वही सांभाळायला बसली आणि वर्षभरात मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल तिचं झालं. बाबा दात घासायचे, आई टेम्पररी करायची. पेशंटच्या दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, रबराच्या वाटीत पावडर आणि लिक्विड कालवायचं, त्याला तार सुटली की साच्यावर दाबून बसवायचं. खोलीभर तो नाकात झोंबणारा वास. अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना आपोआप तापतं, हाताला चटका बसेल इतकं. मी शिकत होते तेव्हा घाई करून मी ते उचलायला जायचे आणि आई माझ्या हातावर चापट मारायची.

"तापतंय तोवर हात लावायचा नाही. तोवर त्याचं त्याचं काही चाललेलं असतं. गार झालं की मग आपलं."

त्यानंतर ती घासायची, पॉलिश करायची, आणि सुईच्या टोकाने दाढेवरच्या खाचांत तपकिरी रंगाची एक रेघ सोडायची. खऱ्या दाढेत असते तशी. मी म्हणायचे, "आई, दहा दिवसांनी फेकायचीय ती."

"मग दहा दिवस त्या माणसाने तोंड मिटून बसायचं का?"

दुसरी टेम्पररी साच्यावर कोरडीच बसवून साच्यासकट प्लास्टिकच्या डबीत ठेवायची. झाकणावर पेन्सिलने नाव आणि तारीख. पहिली तुटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. आणि टेम्पररी तुटते ती नेमकी लग्नाला निघालेल्या माणसाची. कायमचा ब्रिज बसला की त्याच दिवशी डबीतली पकडीने मोडायची आणि साचा कचऱ्यात टाकायचा. त्याआधी नाही, आणि त्यानंतर ठेवायची नाही. कारण विचारलं तर आई म्हणायची, "ड्रॉवर भरतो."

सहा वर्षांपूर्वी बाबांचे हात कापायला लागले आणि दवाखाना माझ्याकडे आला. आईचं टेबल आईकडेच राहिलं.

आईची खालची डावी दाढ फार पूर्वी काढलेली होती. तिथे ब्रिज बसवायचा हे अनेक वर्षं नुसतं बोललं जात होतं. शेवटी एका मंगळवारी मी तिला खुर्चीत बसवलं आणि बाजूचे दोन्ही दात घासले. माप घेऊन झालं तशी ती उठली आणि अर्धा गाल बधिर असताना, ओठ एका बाजूला लोंबत असताना, मागच्या खोलीत आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

बावीस वर्षं आमच्याकडे मदतनीस असलेल्या मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, आज तरी पेशंट व्हा."

"पेशंटचं काम कोण करतं?" आई म्हणाली. बधिर जिभेमुळे ते 'पेफंट' असं ऐकू आलं आणि आम्ही तिघी हसलो.

तिने स्वतःच्या दोन टेम्पररी स्वतः केल्या. एक मी तिच्या तोंडात बसवली, दुसरी डबीत गेली. खुर्ची सरळ करताना मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं.

"आठवडाभर डावीकडून जपून. उजव्या बाजूने चाव."

"हो डॉक्टर," ती म्हणाली.

नवव्या दिवशी लॅबकडून कायमचा ब्रिज आला. आलेलं काम आधी डबीतल्या साच्यावर बसवून बघायचं, मगच पेशंटला बोलवायचं, हाही तिचाच नियम. मी तो तिच्या साच्यावर बसवून बघितला. टक् असा बारीक आवाज होऊन तो बसला. कुठे फट नाही, कुठे अडकणं नाही. मी तो कापसात गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण त्या दिवशी वेळ नव्हता.

पुढेही नव्हता. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी टोचत होती. एकदा एक मुलगी पडून पुढचा दात तुटून आली. आई स्वतःच वहीत त्यांना जागा करून द्यायची. जेवताना म्हणायची, "वही मी लिहिते आणि त्यात माझाच नंबर लागत नाही." मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की." घरचंच काम होतं. आई कुठे जाणार होती?

ब्रिज येऊन अकरा आठवडे झाले होते. सकाळचा चहा घेऊन झाल्यावर पेपर चाळताना तिची मान पुढे झुकली. बाबांना वाटलं डुलकी लागली.

ती टेम्पररी तिच्याबरोबर गेली. कायमचा ब्रिज माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

*

आणखी सहा आठवडे मी मागच्या खोलीत कामापुरतीच जात होते. टेम्पररी आता मीच करत होते, घाईत, एकच. मग एका दुपारी मावशी म्हणाल्या, "ताई, खालच्या ड्रॉवरमध्ये ती एक डबी राहिलीय." कुणाची ते म्हणाल्या नाहीत.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो. मावशी घरी जेवायला जातात. त्या वेळात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आणि पाण्याच्या नळीतून मधूनच सुटणाऱ्या हवेचा आवाज येतो. मी आईच्या स्टुलावर बसले आणि डबी उघडली.

साचा होता तसाच होता. वरचे दात आणि खालचे दात, रबरबँडने एकत्र बांधलेले. खालच्या डाव्या बाजूला टेम्पररी. पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती म्हणजे तिच्या जिभेकडच्या बाजूला तपकिरी डाग होता. चहाचा डाग कसा दिसतो ते मला कुणी सांगायला नको, रोज वीस तोंडांत बघते. पण अ‍ॅक्रिलिक रंग धरतं. ड्रॉवरमध्ये लाकडाचं पॉलिश असेल, काही सांडलं असेल. मी टेम्पररी उचलली. आत, दात जिथे बसतो त्या पोकळीत, पांढऱ्या सिमेंटचा पातळ थर होता. नाकाजवळ नेली. लवंग.

डबीतल्या टेम्पररीला सिमेंट कधीच लावत नाहीत.

मग मला साधं उत्तर सापडलं. आईची पहिली टेम्पररी तुटली किंवा निघाली असेल. मला त्रास नको म्हणून तिने मावशींकडून किंवा आरशात बघून डबीतली बसवून घेतली असेल, आणि वापरलेली इथे ठेवली असेल. तिच्या स्वभावाला धरून होतं ते. मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं.

टेम्पररी परत ठेवताना डबीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. पिठासारखी बारीक. प्लास्टरची.

रविवारी बाबांबरोबर जेवताना मी विचारलं, "बाबा, आईने टेम्पररी बदलली होती का कधी?"

बाबा घास घोळवत राहिले. आई गेल्यापासून ते कुठल्याही प्रश्नाला आधी घास संपवतात. "नाही. तुटलीच नाही तिची."

"निघाली असेल. तुम्हाला सांगितलं नसेल."

"मला दात निघाल्याचं सांगणार नाही ती? चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?" मग ते म्हणाले, "तुटणार कशी? ती डावीकडून चावायचीच नाही."

"सुरुवातीला."

"शेवटपर्यंत. मी एकदा म्हटलं, अगं, अडीच महिने झाले, चाव की आता. तर म्हणे, डॉक्टरांनी जपून म्हटलंय, डॉक्टर सांगतील तेव्हा." बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "गंमत करत होती. पण खरंच चावायची नाही. उजवीकडे घेऊन हळूहळू खात बसायची. माझं जेवण होऊन हात धुवून झाले तरी तिचं चाललेलं."

"मला का नाही म्हणाली?"

"म्हणाली, ती दमलेली असते."

मी भांडी उचलली. आठवडाभर, असं मी म्हणाले होते. आठवडा संपला हे तिला सांगायचं राहून गेलं.

*

सोमवारी दुपारी मी पुन्हा डबी उघडली. भुकटी मी पुसली होती. पुन्हा जमली होती, चिमूटभर. मी साचा खिडकीशी नेला आणि भिंग लावून बघितला.

प्लास्टरच्या दातांना टोकं असतात, तोंडातल्या दातांना असतात तशीच. डाव्या बाजूची टोकं शाबूत होती. उजव्या बाजूच्या दाढांची टोकं झिजली होती. खडबडीत प्लास्टरवर छोटे छोटे गुळगुळीत, चकचकीत सपाट भाग तयार झाले होते. वरच्या साच्यावर उजवीकडे तसेच. एकाच बाजूने चावणाऱ्या माणसाच्या तोंडात हे असं दिसतं, पण त्याला वर्षं लागतात, आणि तोंड लागतं.

रबरबँडमुळे, मी मनाशी म्हणाले. ड्रॉवर उघडताना-मिटताना दोन साचे एकमेकांवर घासत असतील. मी दोन्ही वेगळे करून मधे कापूस घातला. मग कॅलिपरने उजव्या पहिल्या दाढेची उंची मोजली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिली. पाच पूर्णांक दोन मिलिमीटर. ड्रॉवर कुलूप लावून बंद केला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली.

शनिवारी मोजली तेव्हा चार पूर्णांक नऊ भरली. तीनदा मोजली. कापूस चपटा झाला होता.

चार वाजता मावशी आल्या तेव्हा मी अजून स्टुलावरच होते. त्यांनी डबीकडे बघितलं, मग चप्पल कोपऱ्यात काढून हात धुतले.

"मावशी, तुम्ही ही डबी उघडली होती?"

"रोज उघडायचे. तुम्ही कुलूप लावलंत तोपर्यंत."

"का?"

"भुकटी पुसायला." त्या टॉवेलला हात पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही. "वहिनी गेल्यानंतरच्या आठवड्यापासून पडते. आधी थोडी पडायची. मला वाटलं तुम्हाला सांगावं, मग वाटलं तुम्ही आधीच एवढ्या... मग म्हटलं, आपण पुसावी. त्यांना टेबल घाण आवडायचं नाही."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वहिनींची?" मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चुकीचं काहीतरी बोलले होते. "भीती नाही वाटली. सकाळची पुसून गेले की जेवणाच्या वेळेनंतर परत असायची. एवढंच वाटायचं की किती हळू जेवतात."

बाहेर पहिला पेशंट येऊन बसला होता. त्याच्या चाव्या खुळखुळण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी मी एक रूट कॅनाल केलं, दोन दात भरले आणि एका बाईला तिच्या टेम्पररीबद्दल "डावीकडून जपून" म्हणायची वेळ आली तेव्हा मी ट्रे आवरायला लागले. मावशींनी सांगितलं तिला.

त्यानंतर मी वही बघितली. आई वहीत पेन्सिलने लिहायची, म्हणजे खोडता येतं. अकरा आठवड्यांची पानं उजेडात तिरकी धरली तर चार ठिकाणी खोडलेल्या अक्षरांचे चर दिसत होते. दुपारी एक किंवा दीडची वेळ, आणि पुढे 'मी'. स्वतःची वेळ ती अशीच लिहायची. चारही ठिकाणी त्यावर दुसऱ्याचं नाव होतं. कवळीवाले गृहस्थ. पडलेली मुलगी. आणखी दोघं, ज्यांची कामं आता मला आठवतही नाहीत.

मग पुढची पानं उलटताना, येत्या गुरुवारी दीड वाजता, पाचवं 'मी' दिसलं. न खोडलेलं.

आई सहा-सहा महिन्यांनंतरच्या तपासण्या आधीच लिहून ठेवायची. हेही तेव्हाच लिहिलं असेल. मी मावशींना दाखवलं. "अडल्यानडल्याशिवाय ही दुपारची वेळ त्यांनी कुणाला दिली नसती," त्या म्हणाल्या, "पण स्वतःला दिली असेल." मग वहीवर किंचित वाकून म्हणाल्या, "ताई, ह्या वेळी नका पुढे ढकलू."

*

गुरुवारी एक वाजता मावशी गेल्या आणि मी दार लावून घेतलं.

मी हे आईच्या टेबलावर करणार होते. पण साचा हातात घेतल्यावर मी खुर्चीकडे गेले, तो ट्रेवर ठेवला आणि सवयीने दिवा ओढला. हातमोजे घातले. मास्क लावला. स्वतःलाच हसू यायला हवं होतं, आलं नाही.

टेम्पररी निघेना. मागच्या वेळी मी ती दोन बोटांनी उचलली होती आणि कोरडीच परत ठेवली होती. आता ती घट्ट बसलेली होती. पेशंटच्या तोंडात वापरते ते हत्यार घेऊन मला कडेवर हलकेच ठोकावं लागलं. तिसऱ्या ठोक्याला ती सुटली आणि लवंगेचा वास पसरला. तिला स्टीलच्या वाटीत टाकली.

ड्रॉवरमधून कायमचा ब्रिज काढला. कापूस उलगडला. साच्यावर ठेवला आणि दाबला.

टक् झालं नाही.

तो अर्धा मिलिमीटर वर राहिला. मी काढून बघितलं, आत काही अडकलंय का. नव्हतं. पुन्हा दाबला. पुन्हा वर. धाग्याने कडा तपासल्या. तो मागच्या दाढेला अडत होता. मागची दाढ पुढे झुकली होती.

टेम्पररी फार दिवस ठेवली की हे होतं. मी हे कॉलेजात शिकले आहे, पेशंटना बजावलं आहे. उशीर करू नका, दात सरकतात, मग आलेलं काम बसत नाही. दात हाडात असतात आणि हाड जिवंत असतं, म्हणून ते सरकतात.

प्लास्टर सरकत नाही.

याच साच्यावर, याच बोटांनी, एकोणीस आठवड्यांपूर्वी मी हा ब्रिज बसवून बघितला होता आणि तो बसला होता.

मी ब्रिज खाली ठेवला. हातमोज्यांच्या आत माझी बोटं ओली झाली होती. मी एकोणीस आठवडे मोजले. त्यातले अकरा ती होती. पण अकरा आठवड्यांत एवढं सरकत नाही. एवढं सरकायला सगळे एकोणीस लागले असते.

पुढे काय करायचं ते मला माहीत होतं. रबराचं चाक लावून ब्रिजची मागची बाजू केसभर घासायची, बसवून बघायची, पुन्हा केसभर. घाई केली तर फट पडते आणि तिथे अन्न अडकतं. मी घासत गेले, बसवत गेले. कितव्या तरी वेळेला माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखलं तर हात वर कर हं."

खुर्चीचं कातडं हलकंसं करकरलं. ते उन्हाने करकरतं कधीकधी.

मी मान वर केली नाही.

सातव्या वेळी तो बसला. टक्.

तेव्हाच मागून नळ सोडल्याचा आवाज आला. मावशी लवकर आल्या होत्या. त्यांच्याकडे मागच्या दाराची किल्ली असते. त्या हात पुसत आल्या, ट्रेकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि काचेची पट्टी पुढे ओढून सिमेंट घोळायचं पातं हातात घेतलं.

"कुठलं घोळू, ताई?"

शेल्फवर कच्च्या आणि कायमच्या, दोन्ही सिमेंटच्या बाटल्या होत्या. कच्चं सिमेंट लावलं असतं तर पेशंटला परत यावं लागलं असतं. तपासायला, काढायला, पुन्हा बसवायला. पुढची तारीख द्यावी लागली असती, आणि ती वहीत लिहिली असती तिने.

ती उजव्या बाजूने चावत बसली असती.

"कायमचं," मी म्हणाले.

मावशींनी घोळलं. त्यांचं पातं काचेवर फिरण्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकलाय, पण इतका सावकाश कधी ऐकला नव्हता. मी ब्रिज भरला, बसवला, वर कापसाची वळी ठेवली आणि वरचा साचा त्यावर टेकवून हाताने धरला.

"दहा मिनिटं चावून धर," मी म्हणाले. या वेळी मला माहीत होतं मी कुणाशी बोलतेय.

मावशी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, पेशंट घाबरलेला असला की राहतात तिथे. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली. मग तीस. मधे एकदा त्यांनी हात पुढे केला, रिकाम्या खुर्चीच्या हातावर क्षणभर ठेवला आणि काढून घेतला.

मी वरचा साचा उचलला. कापूस ओला होता.

हाताचा घाम असेल.

जास्तीचं सिमेंट काढलं, धाग्याने कडा साफ केल्या. "झालं," मी म्हणाले. "आता दोन्हीकडून चावलंस तरी चालेल." मग मावशी आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

*

त्या दिवसापासून डबीत भुकटी पडली नाही. मी रोज बघितलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी डबी उघडून कोरडा, स्वच्छ तळ बघत बसले आणि मला आई गेल्यावर आलं नव्हतं तसं रडू आलं.

बाबांना मी एवढंच सांगितलं की आईचा ब्रिज साच्यावर बसवला. त्यांनी घास संपवला. "चावा बरोबर आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

राहिला होता फक्त नियम. कायमचं बसलं की डबीतली मोडायची, त्याच दिवशी. त्या गुरुवारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी पकड घेतली आणि स्टीलच्या वाटीतून टेम्पररी उचलली.

ती कोमट होती.

वाटी दिव्याखाली होती, दिवा दुपारभर चालू होता. मी दिवा बंद केला. टेम्पररी मागच्या खोलीत नेऊन आईच्या टेबलावर, खिडकीजवळ, वाऱ्यात ठेवली. पकड तिच्या शेजारी. गार झाली की मोडू म्हटलं. तापतंय तोवर हात लावायचा नाही, त्याचं त्याचं काही चाललेलं असतं.

मावशी रोज दवाखाना उघडतात, टेबल पुसतात, ती तेवढी जागा सोडून. मी आले की काही न विचारता माझ्याकडे बघतात. मी मागे जाते, बोटाचं टोक टेकवते, आणि बाहेर येऊन नाही म्हणून मान हलवते.

आज अकरावा दिवस. आज ती कालच्यापेक्षा थोडी जास्त गरम वाटली.